पळणारी मुलगी

(द्वितीय वर्ष, कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

शीर्षक वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील, तर मी त्यांना दोष देणार नाही. आमच्या गावातही असेच झाले होते. पाण्याच्या टाकीपाशी दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "त्या खालच्या आळीतल्याची पोरगी पळती म्हणं." दुसरीने कळशी खाली ठेवली आणि डोळे मोठे करून विचारले, "कुणासंगं?"

ही गोष्ट माझ्या आईनेच मला हसत हसत सांगितली. मीही हसले. परंतु पुढे विचार करू लागले तसतसे त्यातले हसू कमी होत गेले. 'धावणे' हा शब्द आमच्या गावात फक्त पुस्तकात आणि शाळेच्या क्रीडास्पर्धांत असतो. एरव्ही आमच्याकडे सगळे पळतात. शर्यतीचे बैल पळतात, एस. टी. धरायला म्हातारी पळते, पोलीस दिसला की चोर पळतो. पण मुलगी पळते म्हटले की त्या शब्दाचा एकच अर्थ होतो. मी तर कुणासंगंही पळत नव्हते. पहाटे पाच वाजता फाट्याच्या रस्त्यावर आठशे मीटर पळत होते, आणि माझ्या मागे सायकलवर माझा नववीतला भाऊ हातात बॅटरी घेऊन येत होता.

या जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावी झालेल्या शर्यतीत मी दहा किलोमीटर धावले. त्या शर्यतीची हकीकत मला सांगायची आहे. पण केवळ हकीकत सांगायची असती तर मी लेखणी हाती धरली नसती. त्या निमित्ताने मला एक प्रश्न पडला आहे, तो माझ्या वर्गमैत्रिणींपुढे, वर्गमित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावयाचा आहे. मुलीने धावायचे म्हटले की तिला कारण का लागावे?

आधी भरतीबद्दल सांगितले पाहिजे. आमच्या सातारा-सांगली भागात गावाकडच्या रस्त्यांवर पहाटे जी तरुण मुले पळताना दिसतात, ती बहुतेक भरतीसाठी पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. हे आकडे आमच्या आळीत पाढ्यासारखे पाठ आहेत. मुलगा पहाटे घराबाहेर पडला तर "भरतीचं करतोय" असे कौतुकाने म्हणतात आणि त्याच्यासाठी अंडे उकडून ठेवतात. मुलगी बाहेर पडली तर आधी चार प्रश्न विचारतात. पण 'भरती' हा शब्द उच्चारला की तिलाही वाट मिळते. भरती हा आमच्याकडचा परवाना आहे.

मला हा परवाना बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मिळाला. माझे आई आणि अण्णा दोघेही दुसऱ्यांच्या रानात कामाला जातात. अण्णा चौथी शिकले, आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. "पोरगी पोलिसात लागली तर घर वर येईल," हे अण्णांचे म्हणणे, आणि ते चुकीचे आहे असे मी कधीही म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आहेत, परंतु त्यांची फी आमच्या आवाक्याबाहेरची. मग भावाने सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून मारुतीच्या देवळापासून आठशे मीटर कोठे होतात ते काढले. ते बरोबर पोल्ट्रीच्या फाटकापाशी भरले. मुलींचा गोळा चार किलोचा असतो. तो आमच्याकडे नव्हता. ओढ्यातला एक गोल दगड आणून किराणा दुकानात तोलला, तो चार किलो दोनशे ग्रॅम भरला. "दोनशे ग्रॅम जादा, चांगलंच की," असे भाऊ म्हणाला.

भरतीच्या दिवशी आठशे मीटर चांगले गेले. घात केला तो गोळ्याने. ओढ्यातला दगड आणि लोखंडी गोळा यांत केवळ वजनाचा फरक नसतो, हे मला त्या मैदानावर समजले. पुढे लेखी परीक्षेला बोलावलेल्यांची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते.

यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने मी पहाटे उठले. बूट घातले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आता कशाला उठलीस? नीज की घटकाभर." तिच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती. भावाला हाक मारली तर त्याने कूस बदलली. मी बूट घातलेल्या पायांनी तशीच उंबऱ्यात बसून राहिले. आठवड्याभराने पाहिले, तर माझ्या एका बुटाची नाडी शेळीच्या करडाच्या गळ्यात होती.

त्या वेळी मला जे कळले ते असे. मी गोळ्यात कमी पडले होते, आणि बंद झाले होते ते पळणे. म्हणजे पळण्याची परवानगी मला कधी मिळालीच नव्हती. ती भरतीला मिळाली होती. भरती गेली तशी तीही गेली.

आता शर्यतीकडे वळते. आमच्या तालुक्याच्या गावी दर वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी रस्त्यावरची शर्यत होते. एकवीस, दहा आणि पाच किलोमीटर असे तीन गट असतात. दहा किलोमीटरची फी सहाशे रुपये होती. सहाशे रुपये म्हणजे माझ्या आईची दोन दिवसांची मजुरी. मी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करते. पुस्तकांच्या पाठीवर आकडे घालायचे, सुटलेली पाने चिकटवायची, असे ते काम. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवून शिकण्याची ही रीत रुजवली ती गरिबाच्या पोरांना शिकता यावे म्हणून. त्या पैशांतून शर्यतीची फी भरताना मला चोरी केल्यासारखे वाटले, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

त्याहून मोठा अपराध मी घरी केला. अण्णांना काय सांगायचे, हा प्रश्न होता. "मला पळावेसे वाटते," हे वाक्य आमच्या घरात म्हणायला बंदी आहे असे नाही. परंतु ते म्हटल्यावर पुढे काय म्हणायचे ते सुचत नाही. ते वाक्य अर्धवट वाटते. म्हणून मी खोटे बोलले. "अण्णा, शर्यतीचे सर्टिफिकेट मिळते. पुढच्या भरतीत त्याचा उपयोग होईल," असे सांगितले. अण्णा लगेच म्हणाले, "मग पळ की. त्यात काय इचारायचं?" भरतीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात हे खरे आहे, पण त्या मान्यताप्राप्त स्पर्धांत नाव काढणाऱ्यांसाठी. पैसे भरून तालुक्याच्या शर्यतीत धावल्याबद्दल जो कागद सर्वांनाच मिळतो, त्याला तेथे कवडीची किंमत नाही. हे मला तेव्हाही पक्के माहीत होते.

शर्यतीच्या दिवशी भाऊ मला सायकलवरून मैदानावर घेऊन गेला. अजून उजाडायचे होते. कर्ण्यावर गाणी चालली होती आणि एक बाई मंचावरून सर्वांकडून हातपाय हलवून घेत होती. डॉक्टर, वकील, बँकेतली मंडळी, पेठेतले दुकानदार, त्यांच्या बायका, असे सगळे रंगीत बूट घालून जमले होते. माझ्या बुटांत नवी नाडी होती, एवढेच काय ते नवे. छातीवर क्रमांक लावला. त्याच्या मागे वेळ नोंदवणारी एक पातळ पट्टी चिकटवलेली होती. साडेसहाला सुटलो.

पहिला किलोमीटर मी आठशे मीटरची परीक्षा असल्यासारखी पळाले. कितीतरी लोकांना मागे टाकले. तिसऱ्या किलोमीटरला बरगडीत कळ आली आणि मागे टाकलेली मंडळी एकेक करून, शांतपणे, माझ्या पुढे निघून गेली. आठशे मीटरवाल्याला दहा किलोमीटरचे गणित ठाऊक नसते, ही माझी पहिली शिकवणी.

परंतु दुसरी एक गोष्ट मला तेथे प्रथमच अनुभवायला मिळाली. शर्यतीचा रस्ता माझ्या रोजच्या येण्याजाण्याचा. याच रस्त्याने मी एस. टी.ने महाविद्यालयात येते. हंगामात दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या चालतात, म्हणून या रस्त्याने चालताना आपण कडेच्या मुरुमावरून, अंग चोरून चालतो. त्या सकाळी मी रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावरून धावत होते. कोणी हॉर्न वाजवला नाही. कोणी मोटारसायकल हळू करून काही बोलले नाही. भाऊ मागे नव्हता, बॅटरी नव्हती. चौकात एक महिला पोलीस रस्ता अडवून उभी होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिच्या अंगावरचा गणवेश पाहून पोटात कालवल्यासारखे झाले. तिने शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, "पळ पळ, थांबू नको." ज्या खात्याने मला घेतले नव्हते, त्याच खात्याची एक मुलगी माझ्यासाठी वाहने थांबवून उभी होती. मला तिचा हेवा वाटला, आणि त्याच वेळी तिच्याबद्दल फार आपलेपणाही वाटला.

वाटेत मला तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. पाणी देणारा मुलगा म्हणाला, "ताई, भरतीची का?" वळणावर उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "भरतीवाली दिसते." शेजारून जाणाऱ्या एकाने विचारले, "कुठली अकादमी?" माझ्या अंगावरचा पंजाबी ड्रेसचा पायजमा आणि स्वस्तातले बूट पाहून त्यांनी ओळखले असेल. शहरातल्या बायकांना मात्र असा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

सातव्या किलोमीटरला माझे पाय संपले. मी चालू लागले आणि मग कडेच्या दगडावर बसायचे मनात आले. तेवढ्यात मागून साधारण पन्नाशीच्या एक काकू आल्या. फार वेगाने नव्हे, पण घड्याळासारख्या एका चालीने. म्हणाल्या, "पळवत नसेल तर चाल गं, पण बसू नको. बसलीस की पाय धरतात." त्यांनी आपली चाल माझ्यासाठी कमी केली. थोडे चालत, थोडे पळत आम्ही आठव्या किलोमीटरपर्यंत बरोबर गेलो. मी त्यांना विचारले, "काकू, तुम्ही कशासाठी पळता?"

त्या म्हणाल्या, "बरं वाटतं."

मला वाटले, पुढे काही सांगतील. साखर वाढली आहे, वजन कमी करायचे आहे, डॉक्टरांनी सांगितले आहे. पण त्यांचे वाक्य तेथेच संपले होते. मग त्या आपल्या चालीने पुढे निघून गेल्या. मी १ तास ९ मिनिटांनी पोहोचले. दहा किलोमीटरच्या मुली-बायकांत माझा क्रमांक एकतिसावा.

मित्रमैत्रिणींनो, हे "बरं वाटतं" माझ्या डोक्यातून जात नाही. जे वाक्य माझ्या घरात मला अर्धवट वाटले होते, तेच काकूंच्या तोंडी पूर्ण होते. असे का? त्या शहरातल्या, पैशाने बऱ्या असतील, त्यांच्या मागे लग्नाचा किंवा नोकरीचा प्रश्न नसेल, हे मला समजते. पण मग 'बरे वाटणे' ही देखील पैशाने मिळणारी वस्तू झाली आणि आमच्या वाट्याला फक्त 'उपयोग' उरला, असा त्याचा अर्थ होतो.

येथे लता करे यांचे उदाहरण आठवते. बारामतीला २०१४ साली साठी ओलांडलेल्या या आजी नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचारांसाठी त्यांना पैसे हवे होते. पुढे त्यांच्या नावाने चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु आपण त्यांचे कौतुक करतो तेव्हा नेमके कशाचे करतो? त्या नवऱ्यासाठी धावल्या याचे. समजा, त्याच आजी त्याच साडीत, पतीची प्रकृती ठणठणीत असताना, केवळ धावावेसे वाटले म्हणून रस्त्यावर उतरल्या असत्या, तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या की "या वयात हे काय?" असे म्हटले असते? बाई दुसऱ्या कोणासाठी धावली की ती थोर, आणि स्वतःसाठी धावली की ती उनाड, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. एवढे अंतर बायकांना झेपत नाही असे ठरवून ती पुढे बंद करण्यात आली, ती थेट १९६० साली रोममध्ये पुन्हा सुरू झाली. १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नावाची तरुणी छातीवर क्रमांक लावून धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तेथे बायकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन झाली ती १९८४ साली. जे आठशे मीटर बायकांना झेपत नाहीत असे म्हणून ३२ वर्षे बंद ठेवले होते, तेच आठशे मीटर आज खेड्यातली मुलगी मारुतीच्या देवळापासून पोल्ट्रीच्या फाटकापर्यंत पळते. तेव्हा 'झेपत नाही' हे कारण आता कोणी सांगू शकत नाही. आता फक्त 'कशासाठी' हा प्रश्न शिल्लक आहे.

त्यालाही एक उत्तर तयार असते. "ललिता बाबरसारखे नाव काढ, मग कोणी विचारणार नाही." माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. माणसारख्या दुष्काळी मुलखातून त्या तेथवर पोहोचल्या, ही आम्हा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सगळ्यांनाच ललिता बाबर होता येणार नाही. एकतिसाव्या आलेल्या मुलीने काय करायचे? पुढच्या वर्षी ती अठ्ठाविसावी आली तर त्याला काही अर्थ आहे की नाही? शर्यतीहून घरी आल्यावर मला पहिला प्रश्न आला तो "कितवा नंबर?" हाच. एकतिसावा म्हटल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "असू दे, पुढच्या टायमाला येईल." त्या माझे सांत्वन करत होत्या. मी दुःखी नव्हते, हे मला त्यांना सांगता आले नाही.

आता माझ्या म्हणण्यावर जो खरा आक्षेप आहे, तो मी टाळणार नाही. हे सगळे पोट भरल्यावरचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. माझी आईच म्हणाली होती, "एवढी पळायची हौस हाय तर रानात ये भांगलायला." शर्यतीच्या रस्त्यावर साखर कारखान्याच्या अलीकडे एक ऊसतोड करणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन उभी होती. तिला रस्ता ओलांडायचा होता, आणि आम्ही धावणारे संपत नव्हतो. मोळी डोक्यावर तशीच ठेवून ती थांबली होती. तिच्यापुढून धावत जाताना मला माझ्या छातीवरच्या क्रमांकाची लाज वाटली. बीडकडून येऊन पहाटे चारला कोयता हाती घेणाऱ्या त्या बाईला "धाव, बरं वाटेल" असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

मी ते सांगणार नाही. पण दुसरी एक गोष्ट सांगेन. रानात माझ्या आईचे पाय दिवसभर चालतात ते मालकाच्या हिशेबाने. किती सरी झाल्या, किती वाजले, याच्या हिशेबाने. तिला स्वतःच्या हिशेबाने पाय हलवायला मिळतात ते वर्षातून एकदा, पंचमीला. नागपंचमीला माझी आई अशी फुगडी घालते की तरण्या पोरी दमून बाजूला होतात. तिचे केस सुटतात, पदर कमरेला खोचलेला असतो, आणि ती लहान मुलीसारखी हसते. त्या दिवशी तिला कोणी विचारत नाही की बाई, हे कशासाठी? म्हणजे कारणाशिवाय अंग मोकळे करण्याचा हक्क आपल्या बायकांना नव्हता असे नाही. रूढीने तो जपून ठेवला आहे, पण एका दिवसापुरता, आणि झाडाखालच्या रिंगणापुरता. कष्ट करणाऱ्या बाईला खेळ नको असतो, ही समजूत माझ्या आईची फुगडी पाहिल्यावर टिकत नाही. माझे मागणे एवढेच आहे की तो एक दिवस थोडा लांबवावा, आणि रिंगणातून रस्त्यावर आणावा.

हे केवळ मुलींचेच दुखणे नव्हे. आमच्या गावात तीन-चार वर्षे भरतीसाठी रोज पहाटे पळणारी मुले मी पाहिली आहेत. वयाची मर्यादा ओलांडली त्या दिवसापासून त्यांनी पळणे सोडले ते कायमचे. चार वर्षे त्या मुलाच्या पायांनी त्याला साथ दिली, पण ते पाय त्याला फक्त एका परीक्षेपुरतेच हवे होते. परीक्षा संपल्यावर आपण जुनी पुस्तके रद्दीत घालतो, तसे त्याने पाय रद्दीत घातले. आज तो चौकात पारावर बसलेला असतो. त्याला आपल्या तालुक्याच्या शर्यतीत मी पाहिले नाही. सहाशे रुपये हे एक कारण असेलच. परंतु दुसरे कारण असे की, "मी आता कशासाठी पळू?" याचे उत्तर त्यालाही कोणी शिकवलेले नाही.

आणि हे आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी ओळखायला हवे. "बी. ए. करून काय मिळणार?" हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला विचारला गेलेला नाही? मराठी साहित्य घेतले म्हटल्यावर आमच्या मामांनी विचारले, "ह्याचा उपयोग काय?" मी तेव्हाही 'भरती'च म्हणाले, स्पर्धा परीक्षांना उपयोग होतो असे सांगितले. ते अगदीच खोटे नव्हते. पण ग्रंथालयात सुटलेली पाने चिकटवताना त्यांतले एखादे पान उभ्या उभ्या वाचून होते आणि पाच वाजल्याचे समजत नाही, त्याचे काय? त्याला मी आजवर कोणापुढे कारण म्हणून सांगू शकलेले नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकते आहे त्यांना नोकरी हवीच असते, मलाही हवी आहे. पुढच्या भरतीचा अर्ज मी भरणार आहे. परंतु नोकरी लागली नाही तर शिक्षण वाया गेले आणि भरती झाली नाही तर धावणे वाया गेले, हा हिशेब मला मान्य नाही.

आता नुसते बोलून काय उपयोग, असे कोणी म्हणू नये म्हणून दोन-तीन सूचना करते. आपल्या महाविद्यालयाचे मैदान सकाळी सातनंतर उघडते; ते साडेपाचला उघडावे आणि दिवा लावावा, म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर कोणाला पळावे लागणार नाही. वार्षिक क्रीडास्पर्धांत एक शर्यत अशी असावी की जिला फी नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही, शिपाई मामांपासून प्राचार्यांपर्यंत कोणीही धावावे किंवा चालावे, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत दोरी गुंडाळू नये. तालुक्याच्या शर्यतीच्या आयोजकांना आपण विनंती करावी की 'कमवा आणि शिका' योजनेतल्या विद्यार्थ्यांना आणि रोज याच रस्त्यावर पळणाऱ्या खेड्यातल्या मुलामुलींना फीत सवलत द्यावी. पदक आणि टी-शर्ट नसला तरी चालेल. रस्ता मिळाला म्हणजे पुरे. आणि रस्ता ओलांडायला मोळी घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी धावणाऱ्यांना क्षणभर थांबवणारा एक स्वयंसेवकही तेथे नेमावा. माझी वेळ १ तास १० मिनिटे झाली असती तरी मला चालले असते.

राहता राहिली अण्णांची गोष्ट. हा अंक घरी जाईल. भाऊ तो अण्णांना वाचून दाखवेल, कारण माझे नाव छापून आलेले त्यांना ऐकायचे असते. त्यांनी ते सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाच्या खाली जपून ठेवले आहे. भरतीच्या वेळी काढायचे म्हणून. तेव्हा येथे सर्वांसमक्ष सांगते. अण्णा, त्या कागदाचा भरतीत काही उपयोग नाही. मी तुमच्याशी खोटे बोलले. मला पळावेसे वाटत होते, आणि ते कसे सांगायचे ते मला ठाऊक नव्हते. कागद ठेवायचा असेल तर ठेवा, पण मी दहा किलोमीटर पळाले म्हणून ठेवा.

अंक प्रसिद्ध होईल त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पहाटे साडेपाचला मी महाविद्यालयाच्या फाटकापाशी उभी असेन. मैदान उघडे नसेल तर आपण फाट्यापर्यंत जाऊन येऊ. ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे. प्राध्यापकांनीही यावे. बूट नसले तरी चालेल, पळवत नसेल तर चालले तरी चालेल. कोणालाही कारण विचारले जाणार नाही.